सहा नंबर, पहिली पाळी

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मल्लव्वा हुक्केरीची रिक्षा डायलिसिस केंद्राच्या दारात थांबली. ती उतरली, चार पावलं चालली आणि पायरीवर बसली. पुढे तिला चालवेना. तिची मुलगी सावक्का आत धावत आली.

मी आतच होते, भिंतीवरच्या नव्या टीव्हीखाली. इचलकरंजीतल्या त्या सेवा मंडळाच्या केंद्रात सहा मशीन होती आणि तीन पाळ्या. कोणत्या मशीनवर कोण, हे आदल्या शनिवारपर्यंत खडूने फळ्यावर लिहिलं जायचं. त्या सोमवारपासून ते टीव्हीवर दिसणार होतं. ती सगळी प्रणाली मी उभी केली होती, म्हणून पहिल्या दिवशी लवकर आले होते.

"सिस्टर, आईला धाप लागलिया," सावक्का म्हणाली. "रात्रभर बसूनच हाय. झोपलीच न्हाई."

लोखंडे सिस्टर तेव्हा पन्नाशीच्या होत्या. फिलोमिना लोखंडे, मूळच्या मिरजेच्या. केंद्र सुरू झालं त्या वर्षापासून वॉर्ड त्यांच्याकडे होता. चार दिवसांच्या रजेनंतर त्या सकाळीच सहाला कामावर आल्या होत्या. त्यांनी चाकांची खुर्ची ओढली आणि मल्लव्वाला आत आणलं.

"शुक्रवारी का नाही आलीस गं?"

मल्लव्वाने हात हलवला. उत्तर सावक्काने दिलं. "अथणीला लग्न होतं, सिस्टर. मावशीच्या पोरीचं. एक दिवस चुकला तर चालतंय म्हणाली."

"आणि खाल्लं काय?"

"दोन केळी खाल्ली."

"दोन?"

"चार असतील."

डायलिसिसच्या पेशंटला केळी वर्ज्य. नाडी बघत त्यांनी फळ्याकडे मान वळवली. तिथे फळा नव्हता. टीव्ही होता. सहा चौकोन, सहा नावं, सगळे हिरवे. त्या खालून वर वाचत गेल्या आणि पुन्हा खाली आल्या.

"जिन्नाप्पा कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"कोण?"

"जिन्नाप्पा चौगुले. सहा नंबर, पहिली पाळी. कुणी काढला?"

"ते वारलेत ना, सिस्टर?"

"अकरा वर्षं झाली त्याला. मी विचारते, आता कुणी काढला?"

उत्तराची वाट न बघता सिस्टर मशीनकडे वळल्या. सहा नंबरवर बुबनाळे गुरुजी होते. निवृत्त शिक्षक, चार महिने प्रतीक्षा यादीत काढलेले, त्यांची या केंद्रातली ती पहिलीच सकाळ. सव्वासहाला टेक्निशियनने टीव्हीवर बघून त्यांना मशीन लावलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माझं काढा, सिस्टर," ते म्हणाले. "मी उद्या येतो."

"गुरुजी, तुमचं अर्ध्या तासाचंच झालंय."

"म्हणूनच म्हणतो. काढा."

सहा एकावन्नला सिस्टरनी गुरुजींच्या नळ्या सोडवायला घेतल्या. गुरुजींचं रक्त परत त्यांच्या अंगात जायला पंधरा मिनिटं लागली. सात सहाला मशीन धुवायला लावलं. ते धुऊन दुसऱ्या माणसाला लावण्याजोगं व्हायला पस्तीस मिनिटं लागतात. ती कमी करता येत नाहीत. डॉक्टर नऊला यायचे. त्यांनी फोनवर इंजेक्शन सांगितलं, सिस्टरनी ते दिलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. हातात वही होती.

*

ही वही सोबत ठेवायची सवय जुनी. मी नऊ वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. आवृत्ती बंद झाली आणि मी मंडळाच्या कार्यालयात लागले. पत्रं, वार्षिक अहवाल, बातम्या बघायचे. मंडळाचे सचिव बाहुबली मगदूम यांच्या डोक्यात ऑनलाइन नोंदणीचं आलं, तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"कुडचे मॅडम, आता कोडिंग यावं लागत नाही म्हणे. एआयला सांगायचं, ते लिहितंय."

"मला त्यातलं काही येत नाही, सर."

"मराठी येतंय न्हवं?"

तेवढ्यावर काम सुरू झालं आणि तीन आठवड्यांत झालं, हे खरं आहे. कोडची एक ओळही मी लिहिली नाही. मी मराठीत सांगायचे, एआय सहायक लिहायचा. लोकांना दिसणारी पानं, त्यामागे चालणारा प्रोग्राम आणि सगळ्यांत खाली नोंदी साठवणारा डेटाबेस, तिन्ही थर त्याने उभे केले. लिहिण्याआधी तो विचारायचा. मशीन किती, पाळ्या किती, नाव कोण घालणार, खोडायचा अधिकार कुणाला. शेवटच्या प्रश्नाला मगदूम म्हणाले, "मला." मी तसं लिहिलं.

जुन्या नोंदी हव्या होत्या म्हणून वॉर्डच्या नोंदवहीतले शेवटचे दोन महिने मी स्वतः टाइप केले. वहीच्या पुढच्या पानांवर रोजची पाळी असे. मागच्या पानांवरही उलट्या बाजूने काही नावं होती, बारीक अक्षरात. ती मी टाइप केली नाहीत. सिस्टरचं खासगी काही असेल असं वाटलं. विचारलं नाही.

मगदूमांचा एक नियम होता. न सांगता लागोपाठ तीनदा गैरहजर राहिलेल्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. नियम वाईट नव्हता. यादीत बावीस जण होते.

उद्घाटन रविवारी अकराला ठरलं. गुरुवारी दुपारी चार वीसला मी तो नियम जुन्या नोंदींवर लावायला सांगितला. मगदूम माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर आलेला मजकूर माझ्याकडे छापील आहे, तो जसाच्या तसा देते.

"रुग्ण क्र. ४१, जिन्नाप्पा चौगुले. दोन महिन्यांत ५२ नोंदी, सर्व गैरहजर. वजन, रक्तदाब, फोन, नातेवाईक यांपैकी एकही नोंद नाही. इतर कोणताही रुग्ण आठवड्यातून सहा दिवस येत नाही. नियमाप्रमाणे ही जागा रिकामी करता येईल. पण ती कुणीतरी मुद्दाम राखून ठेवली असण्याची शक्यता आहे. नोंदवही ठेवणाऱ्या व्यक्तीला विचारल्याशिवाय हा बदल करू नये असे सुचवतो. पुढे जायचे का?"

खाली दोन बटणं होती. होय. थांबा.

"काय म्हणतंय ते?" मगदूमांनी विचारलं. त्यांच्याकडे चष्मा नसल्यामुळे मी वाचून दाखवलं.

"तुमच्या त्या एआयला प्रश्नच फार. नव्या सुनेसारखं झालंय. मीठ कुठंय, तिखट कुठंय."

"सिस्टरना विचारायला हवं, सर."

"अहो, मेला असणार तो. सिस्टरनं खोडायचा कंटाळा केला. सहा दिवस एक मशीन अडवून ठेवलंय मेलेल्या माणसानं. दोन-दोन दिवस धरले तर तिघांची सोय होतीय त्यात."

चार पंचवीसला मी सिस्टरना फोन लावला. त्या मिरजेत भाचीच्या लग्नात होत्या. फोन वाजत राहिला.

"लग्नात कोण उचलतंय फोन?" मगदूम म्हणाले. "रविवारच्या पत्रिका वाटून झाल्यात, मॅडम. दाबा ते."

चार एकतीसला मी 'होय' दाबलं.

वर्तमानपत्रात असताना दुसऱ्या बाजूने दुजोरा नसलेली बातमी मी कधी पानावर घेतली नव्हती. रात्रपाळीचे मुख्य उपसंपादक तोंडावर ओरडले तरी घेतली नव्हती. इथे सहा मिनिटांत घेतली. त्याच वेळी खालच्या मजल्यावर सिस्टरच्या हाताखालचा टेक्निशियन, सदाशिव इंगवले, ड्यूटीवर होता. मधे एकोणीस पायऱ्या आहेत. त्या मी नंतर मोजल्या.

*

सात चौतीसला मल्लव्वा गेली. मशीनच्या धुण्याची सात मिनिटं उरली होती. ती तशीच पुरी झाली, मशीनने तयार असल्याची शिटी दिली, आणि ती बंद करायला काही वेळ कुणी गेलं नाही.

गुरुजी कोपऱ्यातल्या बाकावर हाताला पट्टी बांधून बसून होते. शेवटी त्यांनीच उठून शिटी बंद केली.

"आता मला परत लावू नका," ते सिस्टरना म्हणाले. "आज नको."

सावक्का आईच्या पायांशी बसली होती. ती रडत नव्हती. तिने मला विचारलं, "बाई, तुमच्या त्या टीव्हीत आईचं नाव दिसंना, म्हणून मशीन मिळालं न्हाई का?"

"नाव उद्याच्या यादीत आहे," मी म्हणाले.

हे वाक्य मी उच्चारलं. तेही वहीत आहे.

जिन्नाप्पा चौगुले कोण होता, हे सिस्टरनी मला त्या दिवशी दुपारी सांगितलं. वॉर्डच्या मागे नळाशी त्या हात धूत होत्या.

"यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर होता. असाच आला होता, दिवस चुकवून. सहाही मशीन चालू. बाहेरच्या बाकावर बसवला. मी नवी होते, चालू मशीन काढायचं धाडस झालं नाही. बाकावरच गेला."

"मग?"

"मग मी वर जाऊन सांगितलं, एक मशीन सकाळी रिकामं ठेवू या. अडल्यानडल्याला लागतं. तेव्हाचे सचिव म्हणाले, देणगीदार बघायला येतात, रिकामं मशीन दिसलं की विचारतात. शंभर टक्के वापर दिसला पाहिजे." त्यांनी नळ बंद केला. "म्हणून मी त्याचं नाव पुन्हा लिहिलं. दिसायला भरलेलं. रोज सकाळी सहाला गैरहजर. कुणी धापा टाकत आलं की जिन्नाप्पाच्या जागेवर. वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. पेशंटना ठाऊक आहे. झाडणाऱ्या बाईलासुद्धा."

"आणि वर?"

"वर कुणी विचारलं नाही कधी."

मागच्या पानांवरची बारीक नावं ती होती. संध्याकाळी मी मोजली. गेल्या एका वर्षात एकाहत्तर माणसं जिन्नाप्पाच्या जागेवर बसून घरी गेली होती. त्यांत मल्लव्वाचं नाव दोनदा होतं. म्हणजे एक दिवस चुकला तर चालतं असं ती म्हणाली, ते उगाच नव्हतं. तिला ती जागा माहीत होती.

*

चौकशी समिती तिघांची होती. त्यांत एक मगदूम होते. मी गुरुवारचा मजकूर छापून, त्यावर वेळ लिहून, खाली सही करून दिला. मी काय दाबलं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे दोन्ही लिहिलं. सोळाव्या दिवशी अहवाल आला. दीड पान. त्यातली दोन वाक्यं अशी:

"प्रणाली उभारताना वापरलेल्या एआय सहायकाने सदर नोंद चुकीने आपोआप वगळली. तसेच श्रीमती लोखंडे यांनी मयत व्यक्तीच्या नावे वर्षानुवर्षे खोट्या नोंदी ठेवून संस्थेची दिशाभूल केल्याचे निष्पन्न होत आहे."

माझा कागद जोडलेला नव्हता. मी अहवाल घेऊन मगदूमांकडे गेले.

"सर, आपोआप वगळली हे खोटं आहे. त्याने विचारलं होतं. तुमच्यासमोर वाचून दाखवलं मी."

"बसा, मॅडम."

"उभी आहे ती बरी आहे."

"हे बघा. यंत्राला घरदार नाही. त्याचं नाव घातलं तर कुणाच्या घरची चूल विझत नाही. मी तुमचं नाव वाचवलंय, कळतंय का तुम्हाला?"

"सिस्टरचं घातलंत की."

"सिस्टरनं खोटं लिहिलं. तिच्या अक्षरात आहे."

"मी 'होय' दाबलं, तेही लेखी आहे. माझ्या लॉगिननं. तुम्ही 'दाबा' म्हणालात, ते मी लिहून दिलंय."

"ते तुम्ही लिहिलंय," मगदूम शांतपणे म्हणाले. "आमच्या अहवालात तसं काही नाही. तुमच्या पेपरच्या सवयी इथं नकोत. चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. एवढंच काय ते मी त्या खोलीत केलं. बाहेर आल्यावर मी अहवाल पुन्हा वाचला. प्रश्न विचारणाऱ्यावर चूक लादली होती. उत्तर माहीत असलेलीला घरी बसवलं होतं. न विचारता उत्तर देणारे आम्ही दोघं मात्र खुर्चीत होतो. एकाने अहवालावर सही केली होती, आणि दुसरीला पगारवाढीचं पत्र मिळालं, पुढच्याच महिन्यात. ते मी परत केलं. परत केल्याची पोचही मागून घेतली.

सिस्टरना निलंबित केलं, मग तडजोड म्हणून राजीनामा घेतला. मी मिरजेला त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं.

"मी समितीला सगळं लिहून दिलंय, सिस्टर. तुमच्यावर अन्याय झालाय, आणि तो मी..."

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी एक गोष्ट रोज स्वतःला विचारते. गुरुवारी मी फोनवर सापडले असते आणि तुम्ही विचारलं असतं, हा जिन्नाप्पा कोण, तर मी खरं सांगितलं असतं का?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"म्हणाले असते, पेशंट आहे. आज गैरहजर आहे. अकरा वर्षं हेच म्हणत आले. कार्यालयातल्या माणसाला मी दुसरं काय सांगणार?"

"तुम्ही तसं म्हणाला असतात तरी मी नाव काढलं नसतं."

"हो. ते खरं." त्यांनी रिकामा पेला उचलला. "माणसाला विचारा असं त्या यंत्राला सुचलं, तुम्हाला एवढं शिकून सुचलं नाही, ह्याचा मला राग आहे, मॅडम. तो जाणार नाही. तुम्ही जेवून जा."

मी जेवले. भात आणि सुक्या बांगड्याचं कालवण होतं. त्या जेवायला बसल्या नाहीत.

*

नोकरी सोडण्याआधी मी प्रणालीत एक बदल करून घेतला. सहायकाला सांगितलं, संशयास्पद नोंद दिसली तर आपण होऊन कुणी काही काढू शकणार नाही. दर सोमवारी सकाळी नऊला प्रश्न ईमेलने जाईल, आणि उत्तर येईपर्यंत नोंद जशी आहे तशी राहील. मगदूमांनी त्यात एक ओळ घालायला लावली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर निर्णय सचिवांकडे. ईमेलचा पत्ता माझा होता, कारण प्रणाली मी उभी केली होती. मी गेले. पत्ता बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. याला आता तीन वर्षं होतील. मगदूम अजून सचिव आहेत. माझ्या कागदाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही.

सोमवारची ती मेल मी उघडत असे आणि बंद करत असे. एकाच माणसाचं नाव दोनदा, फोन नंबरात एक आकडा कमी, असलं काहीतरी. उत्तरं मी देत असे, वॉर्डला फोन करून, विचारून.

आज सकाळी नऊला आलेलं मेल असं आहे:

"रुग्ण क्र. ३१२, मल्लव्वा हुक्केरी. मशीन सहा, पहिली पाळी, आठवड्यातून सहा दिवस. सर्व नोंदी गैरहजर. वजन, रक्तदाब, फोन, नातेवाईक नाहीत. याच नावाच्या रुग्णाची नोंद तीन वर्षांपूर्वी मृत्यूमुळे बंद झाली आहे. ही जागा मुद्दाम राखून ठेवली असण्याची शक्यता आहे. नोंदवही ठेवणाऱ्या व्यक्तीला विचारावे. रिकामी करायची का? ही चौथी आठवण आहे. शंका नोंदल्यापासून सव्वीस दिवस पूर्ण."

आधीची तीन मेल मी पाहिली नव्हती. डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे महिनाभर पडदा बघायला मनाई होती.

अकराला मी वॉर्डला फोन लावला. इंगवलेने उचलला. आता वॉर्ड त्याच्याकडे आहे.

"इंगवले, मी कुडचे बोलतेय. पूर्वीची, कार्यालयातली."

"बोला की, मॅडम."

"मल्लव्वा हुक्केरी म्हणून कुणी पेशंट आहेत का, सहा नंबरला?"

पलीकडे मशीनचे आवाज येत होते.

"हायत की," तो म्हणाला. "आज गैरहजर हायत."

"इंगवले, मी..."

"पेशंट लावायचाय मॅडम, ठेवतो."

त्याने फोन ठेवला. तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. पडद्यावर दोन बटणं आहेत. 'थांबा' दाबलं तरी कारण लिहावं लागतं, आणि ते सचिवांना दिसतं. तीस दिवस भरायला चार दिवस उरले आहेत.